खुणेचा रकाना

"बाई, हे काय दिलंत?" पोस्टमनकाकांनी पुस्तक काउंटरवरून परत सरकवलं. "मी त्या बहिणीच्या पत्राचं मागितलं होतं. हे पंपाचं आहे."

पुस्तक मीच काढून दिलं होतं आणि पुन्हा शिडीवर चढलो होतो. वरूनच वाकून पाहिलं. मुखपृष्ठावर खरोखरच पंप होता. 'घरच्या घरी पंपदुरुस्ती'.

"जन्मभर पत्रं वाटली मी," काका म्हणाले. "पंप एकही वाटला नाही."

रांगेतले दोघे-तिघे हसले, मीही हसलो. सोमवारची सकाळ होती, वाचनालय नुकतंच उघडलं होतं आणि नव्या कॉम्प्युटरची पहिल्याच दिवशी फजिती झाली होती. खोटं कशाला बोलू, मला मनातून बरं वाटलं.

"तुम्ही सतरा-चाळीसच काढलंत ना?" बाईंनी मला विचारलं.

"सतरा-चाळीसच काढलं." सव्वीस वर्षं मी रॅकवर आहे. मी पुस्तकाचं नाव बघत नाही, आकडा बघतो. बाई खालून आकडा सांगतात, माझा हात वर जातो. चूक झालीच तर ती खालची असते असं मी म्हणतो, आणि बाई ते ऐकून घेतात. मला सगळे शिडीवाले म्हणतात. खरं नाव हजेरीपटात आहे, तिथे ते सुखरूप आहे.

काकांना बाजूला बसवून बाईंनी पुढच्या शिवणवाल्या ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ते हो, ज्यात धाकटी जाऊ आरशावर कापड टाकते." बाईंनी 'आरसा' असं टाइप केलं. अकरा-तीन. मी अकरा-तीन काढलं. 'शालेय कवायतीचे शंभर प्रकार'.

आता कोणी हसलं नाही. ताईंनी पुस्तक उघडलं, हात वर करून उभ्या असलेल्या मुलांचं चित्र बघितलं आणि मिटलं.

मग बाईंनी कोणी न मागता 'विहीर' हा शब्द टाइप केला. विहिरीचं पुस्तक कुठे असतं हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं: नऊ-बावीस, खालून दुसरा कप्पा, पिवळा कणा. मी शिडीवरून पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर होतं एकतीस-पाच.

 बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि परत पडद्याकडे पाहिलं. मी त्यांना सव्वीस वर्षं बघतोय, पण माणसाच्या चेहऱ्यावरचा रंग असा आपल्यासमोर उतरताना मी पहिल्यांदाच पाहिला. मी शिडीवरून खाली आलो. हातातली पुस्तकं कुठे ठेवली ते मला आजही आठवत नाही.

आता खूण म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वाचनालयात येणारा माणूस पुस्तकाचं नाव कधीच सांगत नाही. नाव विसरलेलं असतं, लेखक तर त्याहून विसरलेला असतो. तो म्हणतो, ते निळ्या पुठ्ठ्याचं द्या. ते द्या, ज्यात डॉक्टर शेवटी स्वतःच आजारी पडतो. माझी आई वाचताना रडायची ते. दुसरीकडे अशा माणसाला हात हलवत परत पाठवतात. बाईंनी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून एक सवय लावून घेतली होती. माणूस जसं मागेल तसं त्या पुस्तकाच्या कार्डामागे पेन्सिलीने लिहायचं. परत करताना काही बोलला तर तेही लिहायचं. त्याला त्या खूण म्हणायच्या. एकतीस वर्षं हे चाललं. साहेब आले, साहेब गेले, बाईंची पेन्सिल आखूड होत राहिली.

दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर आला आणि बुधवारी-शनिवारी आम्हाला शिकवायला एक मुलगी येऊ लागली. चोवीस-पंचवीसची, हुशार, सतत घाईत. मी तिला क्लिकताई म्हणायचो. मला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी माउसला हात लावला की पडद्यावरचा बाण दडी मारायचा. मी वर्गाला जायचो ते पंख्याखाली बसायला. बाई मात्र वही घेऊन पहिल्या खुर्चीवर. चालू कसं करायचं, बंद कसं करायचं, जतन कसं करायचं, कॉपी कशी घ्यायची, सगळं शब्दन् शब्द उतरवून घेतलेलं. छप्पन वर्षांच्या बाई गृहपाठ करून यायच्या.

क्लिकताईने तक्ता आखून दिला होता सहा रकान्यांचा. नोंद, नाव, लेखक, विषय, साल, रॅक. सातवा रकाना बाईंनी स्वतः वाढवला: खूण. चौदा हजार तीनशे चार पुस्तकं, त्यातल्या आठ हजार सहाशे बारा पुस्तकांना खुणा. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, दोन वर्षांत बाईंनी त्या सगळ्या आत घातल्या. डोळ्यांसाठी अक्षरं एवढी मोठी केली होती की पडद्यावर एका वेळी दोनच रकाने मावायचे, रॅक आणि खूण. नाव डावीकडे कुठेतरी बाहेर राहायचं. शनिवारपर्यंत काउंटरवर कार्डंच चालत होती. सोमवारपासून कार्डं नाहीत, फक्त यंत्र. आणि सोमवारी काय झालं ते तुम्ही पाहिलंत.

क्लिकताईला फोन केला. ती तासाभरात आली, पर्स खांद्यावरून न काढताच खुर्चीत बसली. बाईंची अक्षरं लहान केली आणि सातही रकाने एकदम दिसू लागले. ती बराच वेळ वर-खाली करत राहिली. मग तिचा हात माउसवर तसाच थांबला.

"मावशी," ती म्हणाली, "फाइल शेवटची शुक्रवारी बदललेली दिसतेय. तेव्हा नेमकं काय केलंत? एकेक सांगा."

बाईंनी वही उघडली. "शनिवारी कार्डं जाणार होती. म्हटलं, जाण्याआधी ताळा करू. एखादी खूण कार्डावरच राहून गेली असेल तर? म्हणून खुणेचा कॉलम निवडला आणि अ पासून लावला. म्हणजे रिकामे सगळे शेवटी एकत्र येतात, मोजता येतात. तूच शिकवलंस."

"हो. मग?"

"मग त्याने मध्येच काहीतरी विचारलं."

"काय विचारलं?"

"ते नाही वाचलं गं." बाईंनी वही तिच्यापुढे धरली. त्यांच्या टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'यंत्राने मध्येच काही विचारले तर घाबरू नये. आहे तसे पुढे चालू, हे दाबावे.' "हे दाबलं."

क्लिकताईने ते दोनदा वाचलं. पहिल्या महिन्यात आम्ही सगळे प्रत्येक चौकोनाला घाबरून तिला हाका मारायचो. तेव्हा वैतागून तिनेच हे वाक्य सांगितलं होतं. मीसुद्धा होतो वर्गात, पंख्याखाली.

"ते विचारत होतं," ती म्हणाली, "की शेजारचे कॉलम बरोबर हलवू, का फक्त हाच हलवू."

मला एवढंच कळलं: वर्गातली मुलं जागच्या जागी बसून राहिली आणि त्यांची दप्तरं तेवढी गोळा करून, क्रमाने लावून, पहिल्या बाकापासून पुन्हा वाटली. एकही दप्तर हरवलं नाही. एकही ज्याचं त्याला मिळालं नाही.

"पण माझा ताळा जुळला होता," बाई म्हणाल्या. "रिकाम्या पाच हजार सहाशे ब्याण्णव. कार्डांवरून मोजल्या तेवढ्याच. एकाचाही फरक नाही."

"जुळणारच ना मावशी. कमी काही झालेलंच नाही."

"अगं, ताळा जुळला म्हणून तर मी सही केली. कार्डं न्या म्हणून."

 क्लिकताईने उलटं फिरवायचं बटण दाबून पाहिलं, पण फाइल शुक्रवारीच बंद केलेली, मागचं पुसलेलं. "कॉप्या?" तिने विचारलं, आणि बाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर जीव आला. त्यांनी खणातून दोन पेनड्राइव्ह काढले, लाल आणि काळा. नियम होता, रोज संध्याकाळी दोन्हींवर कॉपी. बाईंनी एक दिवस चुकवला नव्हता. शुक्रवारी दोन्हींवर केली होती, शनिवारी पुन्हा दोन्हींवर केली होती. जुनी पुसून, नवी, चुकलेली, अगदी मनापासून. आळशी माणूस असता तर वाचला असता. माझ्यासारखा.

"एक जुनी ठेवा, हे मी सांगायला हवं होतं," क्लिकताई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी कधी सांगितलंच नाही."

मग आम्ही तिघांनीही एकाच वेळी भिंतीकडे पाहिलं. तिथे कार्डांचं कपाट होतं. आता फरशीवर फक्त एक स्वच्छ चौकोन होता, बाकीच्या फरशीपेक्षा उजळ. कपाटाला अठ्ठेचाळीस खण होते, जुन्या चांगल्या लाकडाचे, ते आम्ही सगळ्यांनी वाटून घेतले होते. माझ्या घरी दोन आहेत. एकात खिळे, एकात कांदे. खणातून कार्डं काढायची म्हणजे मधली पितळी सळई ओढायची आणि खण पोत्यात पालथा करायचा. ते काम माझं. शनिवारी दुपारी मी अठ्ठेचाळीस वेळा ते केलं आणि शेवटच्या पोत्याचं तोंड बांधताना म्हणालो होतो, "बाई, एकतीस वर्षांचं ओझं उतरलं की नाही?" बाई हसल्या होत्या.

मी सायकल काढली. रद्दीवाला पुलापलीकडे. आयुष्यात इतक्या जोरात मी सायकल मारली नाही. तो चहा पीत होता.

"पोती कुठायत?"

"कुठली?"

"वाचनालयाची. अकरा पोती."

"ती काल गेली की. सकाळच्या गाडीने, कारखान्यात." त्याने घड्याळ पाहिलं, जणू उशीर तासाचाच झालाय. "आता लगदा झाला असेल. का हो, काही महत्त्वाचं होतं?"

त्याने मला हवं तिथे बघू दिलं. मी गठ्ठ्यांमधून फिरलो, ताडपत्री उचलली. काही नव्हतं. निघताना त्याच्या काट्याच्या टेबलाकडे लक्ष गेलं. एक पाय आखूड होता आणि डगमगू नये म्हणून खाली जाड कागदाची घडी सरकवली होती. मी गुडघ्यावर बसून ती ओढली. टेबल कललं, रद्दीवाला ओरडला. ते आमचं कार्ड होतं. मागे बाईंची पेन्सिल: 'सासूला देऊ नका, असे दोघी सुनांनी वेगवेगळे येऊन सांगितले. सासूने नेले. आवडले म्हणाली.'

आठ हजार सहाशे बारामधली एक.

मी परत आलो तेव्हा साहेब बाईंच्या टेबलापाशी उभे होते. साहेब वाईट माणूस नाही. तीन वर्षांपूर्वी आले, आल्यापासून कामात बुडालेले. क्लिकताईने त्यांना सगळं समजावलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा आधी ताणला आणि मग सैल पडला.

"म्हणजे नाव, लेखक, नोंद, रॅक हे सगळं जागेवर आहे?"

"हो सर. फक्त शेवटचा कॉलम."

"हात्तिच्या, एवढंच ना?" साहेबांनी खरोखर सुटकेचा श्वास सोडला. "मी घाबरलोच होतो. अहो, तो कॉलम तसाही ठेवायचा नव्हता. पाच महिन्यांनी नवं सॉफ्टवेअर येतंय, त्यात त्याला जागाच नाही. काढून टाका. प्रश्न मिटला." आणि बाईंना धीर द्यायला ते म्हणाले, "तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका. काहीही नुकसान झालेलं नाही."

मला वाटतं, बाईंना खरा धक्का तिथे बसला. चूक कळल्याचा धक्का बसला होताच. पण चूक झाली म्हणून कोणी ओरडलं असतं, मेमो दिला असता, तर निदान काहीतरी होतं आणि ते गेलं, एवढं तरी ठरलं असतं. इथे एकतीस वर्षं गेली होती आणि नुकसान शून्य.  बाईंनी टेबलाची कड धरली. पाच महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. सॉफ्टवेअर आणि त्या, दोघांची तारीख एकच होती.

"सर," क्लिकताई म्हणाली, "नव्यात 'टीप' म्हणून एक जागा आहे. जुळलेल्या खुणा असतील तर तिथे घालता येतील. न जुळलेल्या नाही जाणार."

"मग जुळवा," साहेब म्हणाले. "कामाच्या वेळेत काउंटर सांभाळून काय करायचं ते करा. माझी हरकत नाही."

दुसऱ्या दिवशी क्लिकताईने सगळ्या खुणा कागदावर छापून आणल्या, अ पासून ज्ञ पर्यंत, एकशे त्र्याऐंशी पानं. बाईंनी ते बाड समोर ओढलं, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिल्या ओळीपुढे आठवेल ते पुस्तक लिहिलं. काही चटाचट आठवायचं. काही खुणा नुसत्या 'निळे पुठ्ठ्याचे' अशा, आणि निळी पुस्तकं आमच्याकडे सहाशे. तिथे बाई थांबायच्या, मग उठून रॅकमध्ये जायच्या, पुस्तक हातात घेऊन उभ्या राहायच्या. वास घ्यायच्या की काय, मला माहीत नाही. मी त्या दिवसांत त्यांना चिडवायचं बंद केलं होतं. 

तिसऱ्या दिवशी त्या जेवायला गेल्या असताना मी ती पानं सहज चाळली. श च्या पानावर माझंच नाव दिसलं.

'शिडीवाल्यांनी पूर्ण वाचलेले एकच. घरात आजारपण होते तेव्हा दवाखान्यात बसून वाचले. परत करताना म्हणाले, माणूस शेवटी किनाऱ्याला लागतो का, तेवढे बघायचे होते.'

मी तिथेच बाकावर बसलो. अकरा वर्षं झाली त्याला. बायकोच्या उशाशी बसून मी ते जहाजाचं पुस्तक वाचलं होतं, चार आठवडे, रोज थोडं. ती उठली नाही त्या दुखण्यातून. वाचनालयात परत आलो तेव्हा पुस्तक काउंटरवर ठेवताना काय बोललो, ते मला आठवतही नव्हतं. कोणी ऐकलं असेल असं वाटलं नव्हतं. लिहून ठेवलं असेल, हे तर स्वप्नातही नाही. माझ्या घरात त्या चार आठवड्यांची कुठे एक ओळ नाही. ती इथे होती, कार्डाच्या मागे. आणि शनिवारी ते कार्ड मीच पोत्यात पालथं केलं होतं.

मी कॉम्प्युटरपाशी गेलो. कोण बघतंय का पाहिलं. बाण दडी मारत होता तरी शोधलं. माझी ओळ त्या वेळी यंत्रात 'कुक्कुटपालन : प्राथमिक ओळख' ह्या पुस्तकापुढे होती.

बाई आल्या. मी पान पुढे केलं आणि म्हणालो, "बाई, ही माझी. चौदा-आठ. जहाजाचं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे. "मला आठवत होतं," त्या म्हणाल्या. "पण तुम्हाला कसं विचारावं, कळत नव्हतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "अहो शिडीवाले, हे असंच करता येईल की. ज्याची त्याने ओळखायची."

तेव्हापासून ती पानं काउंटरवर राहिली. पुस्तक बदलायला आलेला माणूस आधी पानं चाळायचा. पोस्टमनकाका रोज यायला लागले आणि त्यांनी एकट्याने चौऱ्याण्णव ओळखल्या, त्यातल्या काही त्यांच्या नव्हत्याच, पण पुस्तक बरोबर निघालं. दोघी सुनांपैकी धाकटी आली, आता तिचेही केस पांढरे झालेत, आणि सासूची खूण वाचून काउंटरला टेकून इतकी हसली की शेवटी डोळे पुसत बसली. एका खुणेवर दोघांनी दावा केला आणि भांडणच जुंपलं, म्हाताऱ्या माणसांचं, 'माझी आई रडायची' ह्या ओळीवरून. बाईंनी दोघांची पुस्तकं विचारली आणि दोन्हींपुढे ती ओळ लिहिली. "दोघांच्याही आया रडत असतील," त्या म्हणाल्या.

पण वाचक म्हणजे काही सगळे जिवंत नसतात. कितीतरी ओळी बाई मोठ्याने वाचायच्या आणि म्हणायच्या, ही त्या चष्म्याच्या दुकानवाल्यांची, गेले. ही मास्तरीणबाईंची, त्याही गेल्या. माणूस आठवायचं, पुस्तक नाही.

क्लिकताई तिचे वार संपले तरी येत राहिली. फुकट. एकदा मी विचारलं, "काय गं, तुझा पगार तर थांबला." ती म्हणाली, "माझं वाक्य त्यांच्या वहीत आहे ना." मग तिने मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "काका, आता तुम्ही शिका. मावशी गेल्यावर कोण?" मी शिडीकडे पाहिलं. शिडी काही बोलली नाही. बसलो.

पाच महिने कसे गेले कळलं नाही. शेवटच्या दिवशी जुळलेल्या होत्या सहा हजार चाळीस. उरल्या दोन हजार पाचशे बहात्तर. त्या काढून टाकल्याशिवाय फाइल पुढे देता येणार नव्हती. निरोपाचा हार, साहेबांचं भाषण, सगळं दुपारीच उरकलं होतं. भाषणात साहेबांनी 'संगणकयुगाशी जुळवून घेतलेल्या ज्येष्ठ कर्मचारी' असं म्हटलं. ते मनापासून म्हणाले, पण बाईंनी खाली पाहिलं.

क्लिकताई म्हणाली, "मावशी, मी काढू का?"

"नको," बाई म्हणाल्या. "मी काढते."

त्यांनी उरलेल्या खुणा निवडल्या. सगळ्या काळ्या झाल्या. बटण दाबलं. यंत्राने चौकोन दाखवून विचारलं. बाईंनी चष्मा पुढे सरकवला आणि तो चौकोन पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, मोठ्याने, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असा. "निवडलेला मजकूर कायमचा जाईल. नक्की?" मग थोडा वेळ हात तसाच ठेवून त्यांनी 'हो' दाबलं.

ती छापलेली पानं मात्र त्यांनी पिशवीत घातली. साहेबांनी पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. म्हणूनच म्हणतो, साहेब वाईट माणूस नाही.

आता काउंटरवर मी बसतो. शिडीवर नवीन माणूस आलाय, तो नावं वाचत बसतो आणि वेळ लावतो. यंत्र माझं ऐकतं असं नाही, पण आमचं एकमेकांवाचून अडतं, एवढं झालंय. वाचक येऊन सांगतो, ते निळ्या पुठ्ठ्याचं, आणि मी 'टीप' मध्ये शोधतो. कधी सापडतं. कधी रिकामं येतं, तेव्हा मी विचारतो, काय होतं त्यात, सांगा जरा, आणि लिहून घेतो.

बाईंना निवृत्त होऊन तीन आठवडे झाले असतील. शनिवारी गर्दी असते. रांगेत मान वर करून पाहिलं तर पाचव्या नंबरला बाई. मी उठलो, म्हणालो, "बाई, अहो पुढे या, आत या." त्यांनी हातानेच बसा म्हटलं. पुढच्या चौघांचं होईपर्यंत त्या उभ्या राहिल्या. हातात वाचकाचं नवं कोरं कार्ड होतं आणि त्या बाडातलं घडी केलेलं एक पान. ह्या बाजूने मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. काउंटर त्यांना छातीपर्यंत येतो, हे मला माहीतच नव्हतं.

"काय देऊ, बाई?"

"द्यायचं काही नाही. लिहून घ्या. 'आजोबा घड्याळाला किल्ली द्यायचे थांबतात ते.' काल भाजी निवडताना आठवलं. सव्वीस-अकरा."

मी सव्वीस-अकरा उघडलं. एका बोटाने टाइप केलं. आजोबा. घड्याळाला. मागे रांग होती, कोणीतरी खोकललं, मी घाई केली नाही. शेवटी पूर्णविराम दिला आणि बटण दाबलं. चौकोन आला.

"काय विचारतंय?" बाई म्हणाल्या. त्यांच्या बाजूने पडदा दिसत नव्हता.

मी वाचून दाखवलं. "केलेले बदल जतन करायचे का?"

"नीट वाचलंत?"

मी पुन्हा वाचलं, सावकाश. मग 'हो' दाबलं. बाईंनी त्या पानावर पेन्सिलीने एक ओळ खोडली, पानाची घडी घातली आणि पुढच्या माणसाला जागा करून दिली.